मागचा डिफरन्शियल ओपन की लिमिटेड-स्लिप? पिकअप तपासताना या चुका टाळा

जुना पिकअप विकायला निघाला की जाहिरातीत ‘लिमिटेड-स्लिप आहे’ ही ओळ हमखास असते. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधली, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी. साधा असेल तो ओपन, चाक घसरताना हा वेगातला फरक आवरतो तो लिमिटेड-स्लिप. कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘रेस केली की दोन्ही चाकांचे काळे पट्टे उमटतात.’ पट्ट्यांवर विसंबू नका. कोरड्या, सपाट डांबरावर दोन्ही चाकांची पकड सारखी असेल तर ओपन डिफरन्शियलही कधी कधी दोन पट्टे ओढतो. इथली उदाहरणं अमेरिकी पिकअपची आहेत, कारण ओपन, क्लचवाला, आपोआप लॉक होणारा आणि बटणाने लॉक होणारा, असे चारही प्रकार तिथे सर्रास भेटतात.

पहिली चूक समजुतीची. ‘ओपन डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो’ असं म्हणतात, ते खरं नाही. तो दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास सारखाच देतो, फरक पडतो तो फिरण्याच्या वेगात. समजा बर्फावरचं चाक २०० न्यूटन-मीटरला घसरलं, तर कोरड्या रस्त्यावरच्या चाकालाही तेवढेच २०० मिळतात. तेवढ्यात गाडी हलत नाही, म्हणून एक चाक गरगरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. लिमिटेड-स्लिपमधल्या क्लचच्या चकत्या घर्षणाने जोरात फिरणाऱ्या बाजूचा काही टॉर्क सावकाश बाजूला वळवतात. काही, सगळा नव्हे. ट्रॅक्टरवर टाचेने दाबायचा डिफरन्शियल लॉक दोन्ही बाजू पक्क्या जोडतो. लिमिटेड-स्लिपकडून तशी अपेक्षा धरली की चिखलात निराशा ठरलेली.

जॅकवरची चाचणी आणि तिची फसगत

चाचणी सगळ्यांना माहीत असते: मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर ओपन, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड-स्लिप. यातला ‘उलट फिरलं तर ओपन’ हा अर्धा भागच घात करतो. चाक उलट फिरण्याची आणखी चार कारणं असू शकतात:

– क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. लिमिटेड-स्लिप आहे, पण मेलेला.
– जनरल मोटर्सच्या पिकअपमधला ईटनचा गव्ह-लॉक आहे. १९७३ पासूनचा हा प्रकार चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला तरच लॉक होतो, आणि गाडी ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पोचली की लॉक होणं टाळतो. हाताने फिरवून तो जागा होत नाही.
– टॉर्सनसारखा, चकत्यांऐवजी गिअरांनी काम करणारा प्रकार आहे. एका बाजूला पकडच नसेल तर त्याला वळवायला टॉर्क उरत नाही, म्हणून हवेत तो ओपनसारखाच वागतो.
– बटणाचा लॉकर आहे आणि बटण बंद आहे.

क्लचवाल्याची प्रकृती नेमकी कळते ती टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं वर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा. वरच्या चाकाच्या बोल्टवर पट्टी बसवा आणि बरोबर मध्यावर रेंच लावून फिरवायला लागा. ट्रॅक्शन-लॉकला, म्हणजे फोर्डच्या क्लचवाल्या लिमिटेड-स्लिपला, चाक सुटताना किमान २७ न्यूटन-मीटर, म्हणजे २० फूट-पाउंड जोर लागायला हवा. त्याहून कमी लागला तर चकत्यांचं आयुष्य संपत आलंय.

जॅक लावताना दोन गोष्टी जिवावर बेततात. मागचं एकच चाक उचलून ‘गाडी पार्कमध्ये आहे’ या भरवशावर राहू नका. ओपन डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक उलट फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होऊन गाडी घरंगळते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच, आणि वजन जॅकवर नको, स्टँडवर. दुसरी गोष्ट: लिमिटेड-स्लिपच्या गाडीचं एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळून गाडी जॅकवरून उडी घेते.

कोड वाचताना

जनरल मोटर्सच्या बहुतेक पिकअपमध्ये ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर ‘जी८०’ शोधा. असेल तर मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल, बहुधा वरचा गव्ह-लॉक. ‘जीटी४’ म्हणजे ३.७३ आणि ‘जीयू६’ म्हणजे ३.४२. हे फक्त ॲक्सलच्या गिअरांचे रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या) आहेत, त्यावरून प्रकार कळत नाही. ही गल्लत नेहमीची. फोर्ड एफ-१५० मध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा ॲक्सल कोड पाहा: ‘१९’ म्हणजे ३.५५ ओपन, ‘एच९’ म्हणजे ३.५५ लिमिटेड-स्लिप, ‘बी६’ म्हणजे ३.७३ लिमिटेड-स्लिप, ‘एल९’ म्हणजे ३.५५ बटणाचा लॉकर. ॲक्सलच्या कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी टिकून असेल तर तीही वाचा. ‘३एल७३’ मधला ‘एल’ लिमिटेड-स्लिपचा.

पण कारखान्याने काय बसवलं एवढंच कोड सांगतो. वीस वर्षांच्या गाडीत ॲक्सल भंगारातून बदललेला असू शकतो. शंका असेल तर कव्हर उघडाच. केसच्या खिडकीतून दोन साइड गिअरांच्या मध्ये ‘एस’ आकाराची जाड स्प्रिंग दिसली तर ट्रॅक्शन-लॉक. उडत्या वजनांचा छोटा गव्हर्नर दिसला तर गव्ह-लॉक. नुसते गिअर आणि आडवी पिन असेल तर ओपन. कव्हरच्या बाहेरच्या आकारावरून किंवा त्यावरच्या पात्यांवरून अंदाज बांधू नका.

टोयोटाच्या टुंड्रा आणि टॅकोमामध्ये ‘ऑटो एलएसडी’ (एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) लिहिलेलं असतं. ते नाव फसवं आहे. तिथे डिफरन्शियल ओपनच असतो आणि घसरणारं चाक ब्रेक लावून आवरलं जातं.

तेल बदलताना

सर्वात महागडी चूक इथेच होते. क्लचवाल्यात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे चकत्यांचं घर्षण बेतात ठेवणारं तेलात मिसळायचं द्रव्य, टाकला नाही तर सावकाश तीव्र वळण घेताना मागून गुरगुर आणि थरथर सुरू होते. मेकॅनिक बेअरिंग गेलं म्हणतो आणि चांगला ॲक्सल खोलून बसतो. फोर्डच्या ८.८ इंची ॲक्सलला ४ औंस, म्हणजे सुमारे ११८ मिली मॉडिफायर लागतो. तो टाकल्यावर मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठच्या आकाराचे दहा-बारा फेरे मारा, म्हणजे तेल चकत्यांमध्ये शिरतं. मात्र डब्यावर मॉडिफायर आधीच मिसळलेला आहे असं लिहिलं असेल तर वरून आणखी घालू नका. चकत्या जास्त गुळगुळीत झाल्या की लिमिटेड-स्लिप ओपनसारखा वागतो. जी८० ला तर मॉडिफायर घालायचाच नाही, त्याच्या चकत्यांना घसरायला लावलं तर लॉक नीट बसत नाही.

तेल काढण्याआधी भरण्याचं बूच सुटतंय ना, ते बघा. गंजलेलं बूच रिकाम्या ॲक्सलवर अडकलं की गाडी तिथेच बसते. ॲक्सलमधल्या चुंबकावर राखाडी, बारीक लेप असेल तर काळजी नाही. हाताला टोचणारे कण किंवा तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग गेलंय.

मागची दोन्ही टायर एकाच मापाची आणि जवळपास सारखी झिजलेली ठेवा. एकीकडे नवं कोरं आणि दुसरीकडे गुळगुळीत टायर असेल तर सरळ रस्त्यावरही चाकांचा वेग वेगळा राहतो, आणि चकत्या दिवसभर एकमेकींवर घासत तापतात. छोटं स्टेपनी चाकही मागच्या ॲक्सलवर फार वेळ ठेवू नये. मागचं टायर पंक्चर झालं तर पुढचं पूर्ण मापाचं चाक मागे आणा आणि स्टेपनी पुढे लावा. मात्र पुढेही ताकद जाणारा, म्हणजे चार चाकी ओढीचा पिकअप असेल तर तो टू-व्हीलवर ठेवूनच चालवा.