लकवा मारलेल्या हातात बॉल देऊ नका, आणि अशाच काही चुका

सांगली-मिरजेत घरी जाऊन फिजिओथेरपी देताना पेशंटच्या उशाशी गोळ्यांच्या डब्याआधी मला दिसतो तो हसऱ्या तोंडाचा पिवळा स्पंजचा बॉल. लकवा झाला की कुणीतरी तो आणतोच.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलाई केलेले एक काका. उजवी बाजू गेलेली. जिमला जाणारा पुतण्या म्हणाला, "काका, दिवसभर दाबत बसा, पकड येईल." काका ऐकणारे. समोर मालिका, हातात बॉल. मी गेलो तेव्हा पकड आली होती खरी, इतकी की मूठ उघडेना. अंगठा आत, नखं तळव्यात रुतलेली. आणि काकू कौतुकानं म्हणतात, "बघा की, केवढा जोर आलाय!"

तो जोर नव्हे. हालचालीचा हुकूम मेंदूच्या बाहेरच्या थरातून निघतो, वाटेत त्याचे बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूतल्या स्ट्रोकनं उजवा हात जातो. मज्जारज्जूत तो ज्या पेशीला मिळतो ती अल्फा मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूला चालवणारी चेतापेशी. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आखडतो. 'सैल हो' असा वेगळा निरोप आपल्या हातापायाच्या स्नायूंना जातच नाही. ही पेशी गप्प झाली तरच स्नायू सुटतो. लकव्यात ती जिवंत असते, पण वरून आवरणारं कुणी उरत नाही. जरा ताण बसला की उसळते. हातात बहुधा बोटं मिटणाऱ्या स्नायूंची सरशी होते आणि बोटं उघडणं राहून जातं. मग दिवसभर मिटण्याचाच सराव कशाला?

मी बॉल पुतण्याच्या हातात दिला. काकांचा हात टेबलावर, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी, मुठीत प्लास्टिकचा रिकामा ग्लास. काम एकच: ग्लास सोडायचा. थोडाच वेळ, पण टीव्ही बंद. "ह्यानं काय होणार?" असं काकांनी रोज विचारलं. बऱ्याच दिवसांनी तर्जनी जराशी हलली, तेव्हा विचारणं थांबलं.

दुसरी फर्माईश स्नायूला विजेचे सौम्य झटके देणाऱ्या मशीनची, "करंट लावा, लवकर होईल." करंटशी माझं वैर नाही, घाईशी आहे. आपण स्वतः हात उचलतो तेव्हा आधी लहान न्यूरॉन जागे होतात. त्यांच्या ताब्यात थोडे आणि सहसा न दमणारे स्नायूतंतू असतात. ओझं वाढेल तसे मोठे न्यूरॉन येतात. एका पोत्याला एक हमाल, ट्रक लागला की सगळी टोळी, तसं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनमन यांनी १९५७ मध्ये हा क्रम मांडला. मशीन तो पाळत नाही. लहानमोठे एकदम जुंपतं, म्हणून स्नायू लवकर दमतो. त्यात पेशंट भिंतीकडे बघत पडला असेल तर त्याची स्वतःची इच्छा त्यात कुठंच नाही. माझ्याकडे करंट सुरू झाला की पेशंटनं त्याच क्षणी मनगट उचलायचा प्रयत्न करायचा. कंटाळा आला म्हणाला की मशीन बंद.

झटका देऊन मूठ उघडू नका. झटक्यानं स्नायूतले ताण मोजणारे तंतू खवळतात आणि थेट त्याच न्यूरॉनला चेतवतात; मूठ आणखी घट्ट. अंगठ्याच्या बुंध्यापासून सुरुवात करा, सावकाश.

श्वास कोंडून, दातओठ खाऊन जोर लावू नका. घरच्यांनीही "अजून, अजून!" ओरडू नये.

प्रत्येक गळलेलं मनगट म्हणजे लकवा नसतो. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोप लागली की रेडियल नस दबते. तिथं बिघाड मज्जारज्जूच्या खाली, म्हणून स्नायू ताठरत नाही, लुळा पडतो. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. लकवा मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीनं असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देतात. हात अचानक गेला तर तेवढा वेळ देवर्षी आणि मालिशवाल्याकडे घालवणाऱ्यांना काय बोलावं?

जिमच्या पोरांसाठी एवढंच: पहिल्या काही आठवड्यांत उचलायचं वजन वाढतं ते मुख्यतः न्यूरॉन जास्त संख्येनं आणि जास्त वेगानं कामाला लागतात म्हणून. दंड अजून तेवढाच असतो, उगाच मोजायला टेप लावू नका.