पेरिमेनोपॉजमध्ये रात्री ३ ला टक्क जाग येत असेल तर काय करायचं

चाळिशी ओलांडली की बऱ्याच जणींचं हे सुरू होतं, साडेदहाला पाठ टेकली की लगेच डोळा लागतो आणि तीनला टक्क जाग, मग पाचपर्यंत कूस बदलत पडायचं आणि नेमकी अलार्म व्हायच्या आधी गाढ झोप लागते. पाळी चालूच असते, कधी २२ दिवसांनी कधी ५० दिवसांनी, म्हणून हे त्यातलं असेल असं डोक्यातच येत नाही. पण हाच पेरिमेनोपॉज. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात, त्याच्या आधीच्या ४-५ वर्षांत (काहींना जास्तही लागतात) झोपेची खरी वाट लागते. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, तेव्हा ४१-४२ लाच सुरू झालं तर दचकू नका.

कारण थोडक्यात सांगते. काही महिने बीज सुटतच नाही, मग प्रोजेस्टेरॉन कमी पडतं, आणि मेंदूला शांत करायचं काम बरंचसं तेच करत असतं. इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं त्यामुळे तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी तो घाम फोडतो.

आता माझं म्हणणं असं की लगेच जायफळ-दूध, अश्वगंधा, योगनिद्रा सगळं एकदम सुरू करू नका. आधी जाग *कशाने* येते ते पकडा. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि पाळीची तारीख लिहिता तिथेच दोन आठवडे एकेक शब्द लिहा: घाम, लघवी, पाय, घोरणं, विचार. (रात्री उठून लिहायचं नाही, सकाळी चहा टाकताना.) उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि पाय ओढतात म्हणून जाग येणाऱ्या बाईला एसी लावून काही होत नाही.

घाम असेल तर पहिला बळी त्या मिंक ब्लँकेटचा द्या. नवरा-बायकोत एकच मोठं पांघरूण असेल तर ते आधी वेगळं करा, त्यांना थंडी वाजते तर वाजू दे त्यांच्या पांघरुणात. तुम्हाला दोन पातळ सुती चादरी, एक सरकवता येईल अशा. गाऊन कॉटनचा, सॅटिन-नायलॉन नको, आणि दुसरा कोरडा गाऊन उशाशी ठेवा म्हणजे ट्यूब लावून कपाट उघडावं लागत नाही, एकदा ट्यूब लागली की झोप गेलीच समजा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब रात्रभर उष्णता सोडत असतो, छताचा पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो, त्यापेक्षा खिडकीकडून टेबल फॅन बरा. रात्रीचं जेवण तिखटजाळ नको आणि साडेनऊला तर नकोच. वाइन वगैरे घेत असाल तर तिने झोप लागते पण मध्यरात्रीनंतर मोडते आणि बऱ्याच जणींना घामही वाढतो.

चहाबद्दल बोलायलाच हवं. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं ५-६ तासांनीही अंगात असतं, म्हणजे सहाच्या चहाचा बराच हिस्सा अकराला जागाच आहे. शेवटचा चहा दुपारी दोन-तीनचा. डोकं दुखेल चार दिवस, दुखू दे.

पाय हे कारण आपल्याकडे फार कमी जणी पकडतात. आडवं झालं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, ओढ लागते, पाय हलवले की बरं वाटतं, असं असेल तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. या वयात पाळी अंगावरून खूप जाते, आठ-आठ दिवस, गाठी पडतात, आणि लोहाचा साठा रिकामा होतो. हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं की लॅबचा रिपोर्ट नॉर्मल म्हणतो पण साठा तरीही कमी असू शकतो. पायांच्या या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. गोळी चालू केली तर चहासोबत घेऊ नका, जेवणावर लगेच चहाही नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आणि इतकं का जातंय याचं कारण आधी शोधा, नुसतं लोह भरत बसू नका.

लघवीसाठी उठत असाल तर पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर कमी. जळजळ, कोरडेपणा असेल तर गायनॅककडे स्पष्ट बोला, त्यावर लावायचं क्रीम असतं.

घोरणं म्हणजे फक्त नवऱ्याचं नाही हं. पाळी जायच्या वयात बायकांचंही घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढतं, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी बसल्याजागी डुलकी अशी लक्षणं असतील तर स्लीप टेस्ट करा. हे असताना झोपेची गोळी घेतली तर उलट धोका.

आणि विचार. मुलाची बारावी, सासूबाईंचं औषध, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं तीनलाच आठवतं. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सीबीटी-आय, ही झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत, डॉक्टरही निद्रानाशात औषधाआधी हीच सांगतात. यातल्या दोन गोष्टी घरी करता येतात. एक, साधारण २० मिनिटं झोप आली नाही की पलंगावरून उठा (घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने), बाहेरच्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, मोबाइल नाही, पेंग आली की परत. दोन, पलंगावरचा वेळ कमी करा. झोप खरी साडेपाच तास होते आणि पडून आठ तास असता, तर उठायची वेळ सहा पक्की करा आणि झोपायला जा बाराला. रविवारीही. पहिला आठवडा भयंकर जातो, मग झोप सलग व्हायला लागते, तेव्हा १५-१५ मिनिटं वाढवायची. फिट येत असतील, बायपोलर असेल किंवा रोज लांब गाडी चालवायची असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेडिकलमधून ओळखीवर अल्प्राझोलाम (चिंतेवरची, झोप आणणारी गोळी) आणायची सवय लावू नका. ती शेड्यूल एच-१ मधली आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, आणि सुटता सुटत नाही. अश्वगंधा थायरॉइड किंवा लिव्हरचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने नको.

घामाने रोज रात्र फुकट जात असेल तर हॉर्मोन थेरपीबद्दल विचारा, घाबरून गप्प बसू नका. २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने हॉर्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार होतो अशी जगभर भीती बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या तब्येतीने ठीक बाईसाठी गणित वेगळं आहे. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, आणि त्याची मायक्रोनाइज्ड गोळी रात्री देतात कारण तिने गुंगी येते. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, स्ट्रोक झालेला असेल तर हे बहुतेक चालत नाही, तेव्हा हॉर्मोनशिवायची औषधंही आहेत, ती विचारा.

डॉक्टरकडे जाताना थायरॉइडची तपासणी करूनच जा, तोही धडधड, घाम, झोपमोड हेच सगळं करतो. आणि १२ महिने पाळी बंद राहून परत थेंबभर जरी रक्त दिसलं तर झोपेचं राहू दे बाजूला, त्याच आठवड्यात गायनॅककडे.