रॅम्पचा चढ एक मीटरच्या पट्टीने तपासा

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत घरं-दुकानं बांधताना जोतं उंच घ्यायचा कल वाढला, ते योग्यच. पण त्या उंचीला जेमतेम जागेत रॅम्प बसवला की चढ धोक्याचा होतो. व्हीलचेअरसाठी १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी लागते. म्हणजे दोन फुटी जोत्याला २४ फूट.

तपासणी सोपी आहे. एक मीटरची सरळ पट्टी उताराच्या दिशेने रॅम्पवर ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला. टोकाखालचं अंतर ८.३ सेंटिमीटरच्या वर गेलं, तर चढ जास्त आहे. वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी मोजा. गवंडी बरेचदा शेवटच्या दोन फुटांत चढ उरकतात.

मग बादलीभर पाणी ओता. पायथ्याशी डबकं साचलं तर तिथे शेवाळ धरणार. गुळगुळीत फरशी किंवा घोटलेलं सिमेंट ओलं झालं की पाय सटकतोच, तिथे खरखरीत पृष्ठभागच हवा. कठडा दोन्ही बाजूंना हवा. आजीआजोबा उतरताना अंगाचा सगळा भार त्यावर टाकतात, म्हणून तो हाताने जोरात हलवून बघा.