अडकलेलं सेशन किल करताना पलीकडचा सर्व्हरही बघा

गोदामाच्या सर्व्हरवर साठा वजा करायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होतं, नाहीतर काहीच नाही, असा कामांचा गट) लिंक्ड सर्व्हरवरून, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरून, दुकानाच्या डेटाबेसमध्ये जमा करायचा. मध्येच नेटवर्क गेलं, की सेशन (सर्व्हरशी झालेली एक जोडणी) लटकतं आणि त्याने धरलेल्या लॉकमागे, म्हणजे डेटावरच्या कुलपामागे, सगळ्यांची रांग लागते. एसक्यूएल सर्व्हरवर ही गाठ अशी सोडवा.

आधी एसपी_हू२ (चालू सेशन्सची यादी देणारी कमांड) चालवा. कोणी अडवलंय ते सांगणाऱ्या बीएलकेबाय रकान्यातून मागे मागे जात रांगेच्या डोक्याशी असलेलं सेशन शोधा. मधल्यांना मारून काही सुटत नाही. ते कोणाचं आहे ते बघा, त्या माणसाला विचारा, मगच किल (सेशन बंद पाडायची कमांड) द्या.

किलनंतर झालेलं काम उलटं फिरवावं लागतं, यालाच रोलबॅक म्हणतात. तासाभराच्या कामाला तासभर लागू शकतो, कधी जास्तही. 'किल ७३ विथ स्टेटसओन्ली' म्हटलं (७३ हा सेशन क्रमांक) की किती टक्के झालं ते कळतं. आकडा सरकत असेल तर धीर धरा. सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. उरलेला रोलबॅक सर्व्हर पुन्हा सुरू होताना करावाच लागतो आणि तोवर डेटाबेसच बंद राहू शकतो.

पण दर वेळी शून्य टक्के, शून्य सेकंद येत असेल आणि वेट टाइप (सेशन कशासाठी थांबलंय ते) ओएलईडीबी असेल, तर तुमचा सर्व्हर पलीकडच्या उत्तरासाठी ताटकळलाय. इथे दहा वेळा किल देऊन उपयोग नाही. दूरच्या सर्व्हरवर जा. होस्टनेममध्ये तुमच्या सर्व्हरचं नाव असलेली बरीच सेशन्स दिसतील, त्यातलं नेमकं ओळखायला दोन्हीकडे सिस.डीएम_ट्रॅन_लॉक्स (लॉकची यादी) उघडा आणि रिक्वेस्ट_ओनर_जीयूआयडी, म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनचा ओळख क्रमांक, जुळवा. जुळलेलं सेशन तिथे किल करा. बहुतेकदा इकडचंही लगेच सुटतं.

सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे सेशन क्रमांक -२. हे अनाथ ट्रान्झॅक्शन: लॉक आहेत, मालक सेशन नाही. 'किल -२' चालत नाही, तोच लांबलचक जीयूआयडी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. त्याआधी विंडोजच्या कम्पोनंट सर्व्हिसेसमधली एमएसडीटीसीची (अनेक सर्व्हरवरचं ट्रान्झॅक्शन सांभाळणारी सेवा) ट्रान्झॅक्शन लिस्ट बघा. तिथे ते 'इन डाउट' (निकाल अनिश्चित) दिसत असेल तर बाकीच्या सर्व्हरवर कमिट (काम कायम) झालंय की रोलबॅक, हे एकेक तपासा आणि इथेही तेच करा. घाईत इकडे कमिट आणि तिकडे रोलबॅक झाला, तर माल गोदामातून वजा झालेला असेल आणि दुकानात कधीच जमा झालेला नसेल.