बँडमधून सिंफनीत जाणाऱ्या पोरांसाठी

लगीनसराई संपली की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मला पाचोरा, भडगाव, पारोळा, चोपडा अशा गावांतून फोन येऊ लागतात. बोलतो तो बहुधा बाप. "मास्तर, पोरगा क्लॅरनेट झकास वाजवतो. तुमच्या त्या मुंबईच्या ऑर्केस्ट्रात लागेल का?" फोनवर पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही आणि थातुरमातुर सांगून कुणाच्या मुलाची तीन वर्षं वाया घालवायला मन धजत नाही. म्हणून एकदाचं सगळं बैजवार लिहितो.

मी पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातला. आजोबांचा बँड होता, पुढे तो आबांनी चालवला. नवव्या वर्षी हातात क्लॅरनेट आलं आणि बाराव्या वर्षी मी वरातीत वाजवत होतो. आज मुंबईत सिंफनीच्या कार्यक्रमांना बोलावणं येईल तसा वाजवतो, बाकीचे दिवस शिकवतो. पाचोरा ते मुंबई हे पावणेचारशे किलोमीटर रेल्वेनं एका रात्रीत संपतात. मला ते कापायला अकरा वर्षं लागली. त्यातली निदान चार वाचली असती, सांगणारं कुणी असतं तर.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे यात्रेतला, गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम. मी म्हणतो तो सिंफनी वाद्यवृंद. साठ ते नव्वद वादक, प्रत्येकापुढे छापील स्वरलिपी, समोर कंडक्टर. यात पहिल्या व्हायोलिनचेच बारा-सोळा जण असतात, दुसऱ्या व्हायोलिनचे जवळपास तेवढेच. क्लॅरनेटचे? दोन. कधी तीन. घरात सगळ्यांना हे आधी सांगा. व्हायोलिनच्या मुलासमोर तीस खुर्च्या असतात, आपल्यासमोर दोन, आणि त्या दोन खुर्च्यांवरची माणसं वीस-वीस वर्षं उठत नाहीत. भारतात पूर्णवेळ व्यावसायिक म्हणावा असा वाद्यवृंद एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो २००६ साली उभा केला. त्यातही हंगामाच्या वेळी बरेच वादक परदेशातून येतात. बाकी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारखे जुने वृंद आहेत, गोव्यात, कोलकात्यात, चेन्नईत शिकवणाऱ्या संस्था आहेत. पण महिन्याच्या पगारावर फक्त सिंफनी वाजवणारे आपल्या देशात मूठभरच आहेत.

हे ऐकूनही ज्याला जायचंय त्यानं पुढचं वाचावं.

बँडनं आपल्याला काय दिलं, ते आधी सांगतो, कारण मुंबईत पहिल्याच दिवशी मला त्याची लाज वाटली होती आणि ती वाटायला नको होती. बँडनं कान दिले. एकदा ऐकलेलं गाणं संध्याकाळी वरातीत वाजवायचं, हे काम संगीत शाळेत आठ परीक्षा दिलेल्या मुलालाही जड जातं. बँडनं दम दिला. उभ्यानं, चालत, सलग तीन तास. राखमानिनॉफच्या दुसऱ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात क्लॅरनेटला एक लांबलचक एकल आहे. शहरातली मुलं तिथे श्वास कुठे घ्यायचा म्हणून घाबरतात. मला त्या जागेची भीती कधीच वाटली नाही.

जे दिलं नाही ते असं. स्वरलिपी वाचणं, हळू वाजवणं आणि गप्प बसणं.

स्वरलिपीला एक वर्ष द्या, रोज एक तास. ती भाषा आहे, येतेच. आपल्या पोरांची खरी अडचण पट्टीची होते. क्लॅरनेटवर आपण ज्याला 'सी' म्हणून बोट धरतो तो पेटीवर काळी पाच निघतो, कारण आपलं वाद्य बी-फ्लॅटचं. सिंफनीत आणखी एक क्लॅरनेट लागतं, ए-चं. त्याचा 'सी' म्हणजे पेटीची पांढरी सहा. एकाच कार्यक्रमात दोन्ही वाद्यं मांडीजवळ ठेवायची आणि कागदावर लिहिलं असेल तसं अदलून-बदलून घ्यायचं. सुरुवातीला ओबो हे फुंकीचं वाद्य सूर जुळवायला सगळ्यांना 'ए' देतं. तेव्हा आपण एका वाद्यावर 'बी'चं आणि दुसऱ्यावर 'सी'चं बोट धरतो. पहिल्यांदा डोकं गरगरतं. पण ज्यानं गायक बघून पट्टी बदलली आहे त्याला ही गोष्ट शहरातल्या मुलापेक्षा लवकर समजते, हे मी शिकवताना दरवर्षी पाहतो.

दुसरी अडचण वाद्याचीच. बँडमध्ये वापरली जाणारी बरीच क्लॅरनेटं जुन्या, साध्या चाव्यांच्या पद्धतीची असतात. मीरतच्या जली कोठीतून, म्हणजे बँडच्या वाद्यांच्या बाजारातून, आलेलं आमचं तसंच होतं. सिंफनीत जवळपास सगळीकडे बोएम पद्धत चालते, म्हणजे क्लॅरनेटवादक क्लोझे आणि वाद्यं बनवणारे बुफे यांनी १८३९ साली पॅरिसमध्ये मांडलेली रचना. दिसायला भावंडं, पण बोटं वेगळी. दहा वर्षांची सवय मोडायला मला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत मी बँडमध्ये वाजवणं बंद ठेवलं. एका उन्हाळ्याची कमाई गेली. दोन्ही एकदम करू नका. बोटं कुठलीच पद्धत धड धरत नाहीत.

आता उन्हाचं. ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात आपल्यासाठी लिहिलेली नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गरम हवेत फुंकीचं वाद्य चढं बोलतं. भर दुपारच्या वरातीत आपला अख्खा बँड एकत्र चढतो, म्हणून कुणाला कळत नाही. सभागृहात गार हवा असते. तिथे आपण चाळीस माप (माप म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला कप्पा) गप्प बसलो की वाद्य थंड होतं, आणि पहिला सूर उतरलेला निघतो. बाजूचा व्हायोलिनवाला वळून बघतो. यावर उपाय साधा आहे. आपली जागा यायच्या दहा-बारा माप आधी वाद्य तोंडाला लावून आवाज न करता गरम श्वास सोडत राहायचा. माझ्या गुरूंनी हे सांगितलं नसतं तर मी जन्मभर रीडला, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बांधायच्या पातळ पट्टीला, दोष देत बसलो असतो.

रीडही उन्हात वाकडी होते. चार रीड वापरात ठेवा, पेन्सिलीनं त्यांच्यावर १, २, ३, ४ लिहा आणि रोज एकेक फिरवा. वाजवून झाल्यावर पुसून सपाट डबीत, शर्टाच्या खिशात नाही. ग्रेनाडिला लाकडाचं नवं वाद्य घेतलं तर पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवा, नंतर हळूहळू वाढवा. नवं लाकूड ओल्या श्वासानं आतून फुगतं आणि बाहेरून कोरडं राहतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याला चीर जायला वेळ लागत नाही. माझ्या एका मित्राचं कर्जानं घेतलेलं वाद्य भुसावळच्या फलाटावर उन्हात राहिलं. वरच्या सांध्यापासून केसाएवढी रेघ उतरली होती. त्यानं ती बोटानं तीनदा चाचपली, मग पेटी बंद केली आणि गाडी येईपर्यंत काही बोलला नाही.

गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बँडमध्ये थांबलं की मालक बघतो. सिंफनीत थांबणं हेच निम्मं काम. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग नुसते बसतात आणि शेवटच्या भागात वाजवतात. पहिल्यांदा हौशी वृंदात मला संधी मिळाली तेव्हा ४३ मापांची विश्रांती होती. मी ४२ मोजली. सगळे हळू वाजवत असताना माझा एकट्याचा सूर, तोही वरातीच्या जोरात. कंडक्टरनं नुसती मान वर केली. रात्री आबांना फोन केला. ते म्हणाले, "पोऱ्या, तू वाजाडस चांगलं, पन तुले थांबता येत नही."

मोजायची रीत अशी आहे. प्रत्येक मापाच्या पहिल्या मात्रेवर मापाचा आकडा म्हणायचा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. तबल्याची आवर्तनं मोजलेल्याला हे सोपं जातं. शिवाय कागदावर पेन्सिलीनं खूण करून ठेवायची की अमुक मापाला बासून हे वाद्य वाजतं, त्यानंतर आपण. सगळी जुनी सिंफनी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग असतो. छापून घ्या, ध्वनिमुद्रण लावा आणि वाद्य हातात न घेता फक्त मोजत बसा. मी पाचोऱ्याच्या गाडीत असंच करायचो.

हळू वाजवण्याचा धडा चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीनं दिला. तिची सुरुवातच दोन क्लॅरनेटांनी होते, खालच्या सप्तकात, दोघांनी मिळून एकच चाल. मी दुसरा होतो. पहिल्या तालमीत मुख्य वादकानं हात वर केला आणि मला विचारलं, "मी तुला ऐकू येतोय का?" मी म्हटलं, नीट नाही. "मग तू मोठा आहेस." पुन्हा सुरू केलं. मी फुंक कमी केली तर सूर उतरला. फुंक तशीच ठेवून ओठ आवळला तर आवाज पातळ झाला. पाचव्या-सहाव्या वेळी ओठ सैल, पोट घट्ट, जिभेचा मागचा भाग किंचित वर, असं काहीतरी जमलं आणि एकदम माझा आवाजच मला सापडेना. दोघांचं मिळून एकच, रुंद, काळसर क्लॅरनेट वाजत होतं. त्यांनी वाजवता वाजवता भुवया उंचावल्या, तेवढंच. दुसऱ्या वादकाचं काम हेच आहे. बँडमध्ये ज्याचा आवाज चौकातून ऐकू येतो तो मोठा. इथे ज्याचा वेगळा ऐकू येत नाही त्याला पुन्हा बोलावतात. मला आजवर मिळालेली बहुतेक कामं दुसऱ्या खुर्चीची आहेत आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

ऑडिशनमध्ये मोत्झार्टची १७९१ सालची क्लॅरनेट कन्चेर्तो (एक वादक पुढे आणि वाद्यवृंद साथीला, अशी रचना) जवळपास हमखास मागतात, निदान पहिल्या भागाची सुरुवात. ती ए-च्या क्लॅरनेटवर आहे, म्हणजे दुसरं वाद्य उसनं का होईना, आधी हातात हवं. त्याखेरीज सिंफनींतले ठरलेले तुकडे: बीथोव्हेनची सहावी, मेंडेलसनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'चं स्केर्त्झो, असे. एकेक तुकडा मिनिटभराचा असतो पण त्याची तयारी वर्षभर चालते. परदेशात पुष्कळ ठिकाणी वादक पडद्याआड वाजवतो, नावाऐवजी नंबर. अमेरिकेत बॉस्टनच्या वाद्यवृंदानं १९५२ साली हे करून पाहिलं. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून पुढे काही ठिकाणी गालिचाही अंथरू लागले. मी दिलेल्या पहिल्या ऑडिशनला पडदा नव्हता. वाजवून झालं आणि समोरून आवाज आला, "पुन्हा वाजवा, जरा सावकाश." मी समजलो, गेलं. घाबरून पहिल्यासारखंच वाजवलं, उलट थोडं जलदच. निवड झाली नाही. खूप नंतर कळलं की आवडलं नसतं तर 'धन्यवाद' म्हणाले असते. पुन्हा वाजवायला सांगतात ते सांगितलेलं तुम्ही बदलू शकता का हे बघायला. म्हणून घरी सराव करताना प्रत्येक तुकडा तीन गतींत आणि दोन आवाजांत तयार ठेवा.

परीक्षांबद्दल थोडक्यात. गांधर्व महाविद्यालयाची विशारद असेल तर चांगलंच, राग कानात बसतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांच्या आठ श्रेणींनी वाचनाला शिस्त लागते आणि शिकवण्या मिळतात. पण ऑडिशनच्या खोलीत दोन्ही प्रमाणपत्रं कुणी बघत नाही.

गणवेशातल्या बँडकडे दुय्यम म्हणून बघू नका, ही कळकळीची विनंती. पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा निघतात. धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे, तिथे चौकशी करा. लष्कराचं संगीत प्रशिक्षण पचमढीला चालतं. भुसावळहून इटारसीमार्गे पिपरियाला उतरायचं आणि घाट चढायचा. नौदलाची संगीतकार म्हणून वेगळी भरती असते. तिथे स्वरलिपी, शिस्त, बोएमचं वाद्य आणि पगार हे चारही एकदम मिळतं. माझा धाकटा चुलतभाऊ त्या वाटेनं गेला. त्याचं वाचन आज माझ्यापेक्षा पक्कं आहे आणि त्याच्या घराचा हप्ता दर महिन्याला वेळेवर जातो. माझा जात नाही. सिंफनीचे कार्यक्रम हंगामात एकदम येतात आणि मग दोन-दोन महिने काहीच नसतं. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात पूर्वी पन्नास-पन्नास वादक बसत, ते काम संगणकानं बरंचसं खाल्लं. माझं घर शिकवण्यांवर चालतं. लग्न ठरवताना मी हे सगळं सासऱ्यांसमोर आकड्यांत मांडलं होतं, तुम्हीही मांडा.

एक राहिलं. मुंबईला ऑडिशनसाठी यायचं तर किमान तीन दिवस आधी या. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घासून जमवलेली रीड इथल्या दमट हवेत जड होते. इथे येऊन दोन दिवस सगळ्या रीड पुन्हा वाजवून बघाव्या लागतात. दिवाळीच्या आठवड्यात मी गावी असतो, सकाळी सात ते दहा ओसरीवर शिकवतो. येताना आपलं वाद्य, चार रीड आणि रबर लावलेली पेन्सिल आणा. फी नाही. पहिल्या दिवशी फक्त मोजून घेईन.