क्रूझवरचं जेवण: बुफेत कधी जायचं, डायनिंग रूममध्ये कधी बसायचं

बहुतेक जहाजांवर तिकिटाच्या पैशांत दोन ठिकाणची जेवणं धरलेली असतात. एक म्हणजे वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाजवळचा बुफे. दुसरी, खालच्या किंवा मधल्या डेकवरची मुख्य डायनिंग रूम, जिथे टेबलावर बसल्या जागी वाढलं जातं. आज इथे, उद्या तिथे असं जेवायला कुणाची हरकत नसते. तरी कित्येक प्रवासी पहिल्या दुपारी बुफेत शिरतात आणि आठवडाभर तिथेच रमतात. दुसरे काही जण टेबल नेमून दिलंय म्हणून रोज संध्याकाळी घड्याळ बघत धावतात. आठवड्याचा निर्णय एकदाच घेऊन टाकू नका, प्रत्येक जेवणाचा वेगळा घ्या.

आधी पंगत ठरवा

बुकिंग करताना रात्रीच्या जेवणाची वेळ विचारतात. ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत पहिली पंगत साधारण ५:३० ते ६ ला बसते, दुसरी ८ ते ८:३० ला. टेबल तेच, वेटर तेच, शेजारीही तेच. दुसऱ्या पद्धतीत हव्या त्या वेळी जाता येतं. क्रूझ कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियन तिला 'माय टाइम' म्हणते, कार्निव्हल 'युवर टाइम'. नॉर्वेजियनवर ठरलेली पंगत हा प्रकारच नाही. डिस्नेच्या जहाजांवर प्रवासी दर रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि त्यांचे वेटरही त्यांच्यासोबत फिरतात. क्युनार्डवर कुठल्या जेवणघरात बसायचं हे केबिनच्या दर्जावर ठरतं. व्हर्जिन व्हॉयेजेसने तर नेहमीचा बुफे आणि मोठी डायनिंग रूम दोन्ही ठेवलेली नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरत नाही.

पहिली पंगत लहान मुलांना आणि लवकर झोपणाऱ्यांना सोयीची. तिची अडचण बंदराच्या दिवशी कळते. जहाज ६ ला सुटणार असेल तर भटकून परत येणं, अंघोळ आणि कपडे बदलणं हे सगळं ५:३० च्या आत उरकावं लागतं. शिवाय त्याच टेबलावर दुसरी पंगत मांडायची असल्याने वेटरवर वेळेचा दबाव असतो आणि ती घाई तुमच्या ताटापर्यंत पोहोचते. प्रवासात बंदरं जास्त आणि समुद्रातले दिवस कमी असतील, तर दुसरी पंगत किंवा मोकळी वेळ घ्या. मोकळ्या वेळेत ७ ते ७:४५ च्या सुमारास दाराशी रांग लागते. ६:१५ च्या आधी किंवा ८:१५ नंतर गेलात तर सहसा थांबावं लागत नाही. पहिल्या रात्रीचा वेटर आवडला असेल तर त्याचा टेबल नंबर लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी दाराशी तोच भाग मागा. बहुतेकदा मिळतो.

मिळालेली पंगत किंवा टेबल पसंत नसेल तर जहाजावर चढलात त्याच दुपारी हालचाल करा. डायनिंग रूमचा प्रमुख त्या दुपारी तास-दोन तास फक्त याच कामासाठी बसलेला असतो. वेळ आणि जागा क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत दिलेली असते. मागणी नेमकी करा: किती जणांचं टेबल, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, चालायला त्रास असेल तर प्रवेशाजवळ. दोघांची टेबलं मोजकी असतात आणि दोन टेबलांमध्ये वीतभर अंतर असतं, तेव्हा एकांताची फार अपेक्षा ठेवू नका. डायनिंग रूम जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला असेल तर खिडकीजवळ इंजिन-पंख्यांची थरथर जाणवते. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागावं.

बुफे: आधी फेरी, मग प्लेट

पहिल्या दिवशी दुपारी १२ ते १:३० बुफेत जाणं टाळा. केबिन अजून तयार नसतात, त्यामुळे सगळे प्रवासी हातातल्या सामानासकट तिथेच लोटलेले असतात. त्या दुपारी बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम किंवा एखादं छोटं कॅफे उघडं असतं. अ‍ॅपमध्ये आधी तेच शोधा. एरवीही गर्दीच्या वेळा ठरलेल्या: समुद्रातल्या दिवशी नाश्त्याला ८ ते ९:३०, बंदराच्या दिवशी ७ ते ८.

आत गेल्यावर रिकाम्या हातांनी एक पूर्ण फेरी मारा. बहुतेक बुफेंमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला तेच पदार्थ मांडलेले असतात. लोक मात्र आत शिरताच दिसणाऱ्या पहिल्या रांगेला चिकटतात आणि पलीकडची बाजू अर्धी रिकामी राहते. सगळ्यात मागचं टोक बहुतेकदा निवांत असतं. दोघं असाल तर एकाने टेबल धरावं. टेबल सोडून दोघंही उठलात की कर्मचारी ते मोकळं समजून प्लेटा उचलतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

काय घ्यायचं, हे त्या पदार्थाला भांड्यात थांबणं सोसतं का यावर ठरवा. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर त्या देशाच्या आरोग्य यंत्रणेचे नियम लागू असतात. त्यानुसार गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. ५७ अंशांवर अन्न सुरक्षित राहतं, चव मात्र तशीच राहील याची खात्री नाही. रस्सा, डाळी, मंद आचेवर शिजवलेले पदार्थ आणि भात तासभर बरे राहतात. तळलेले पदार्थ झाकणाखाली पाचदहा मिनिटांत मऊ पडतात, शिजलेला पास्ता फुगतो, अंडी रबरासारखी होतात. म्हणून ऑम्लेट, पास्ता, भाजलेल्या मांसाचे काप असं समोर करून देणारे काउंटर आधी गाठा. तिथली रांग लांब दिसली तरी तेवढं थांबणं परवडतं. तळलेलं खायचंच असेल तर भांडं बदलायला आलेला माणूस दिसेपर्यंत थांबा. बुफे बंद व्हायच्या शेवटच्या अर्ध्या तासात नवीन भांडी फारशी येत नाहीत, त्या वेळी जाऊन पदार्थांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

प्लेट एकदाच शिगोशीग भरू नका. आधी थंड, मग गरम, शेवटी गोड अशा तीन छोट्या फेऱ्या केल्यात तर रस्सा केकमध्ये मिसळत नाही आणि गरम पदार्थ गरम असतानाच पोटात जातो. दर फेरीला नवी प्लेट घ्या. हा शिष्टाचार नाही, स्वच्छतेचा नियम आहे: वापरलेली प्लेट वाढण्याच्या चमच्याला लागली की तो चमचा पुढच्या शंभर जणांच्या हातात जातो.

हात धुण्याबद्दल जहाजावर सारख्या सूचना होतात, त्यामागे नोरोव्हायरस आहे. उलट्या-जुलाब करणारा हा विषाणू अल्कोहोलच्या जेलला नीट दाद देत नाही. दारावरच्या बाटलीतलं जेल चोळून समाधान मानू नका. साबण आणि पाण्याने २० सेकंद हात धुवा. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: हात धुऊन आलात तरी नंतर तुम्ही डझनभर सामायिक चिमटे हाताळता आणि मग त्याच हाताने पाव तोडता. चिमटा कागदी नॅपकिनने धरा, किंवा वाढून घेतल्यावर पुन्हा हात धुवा. एखाद्या दिवशी बुफेत कर्मचारीच वाढू लागले तर कुरकुर करू नका. जहाजावर आजारी माणसं वाढली असण्याची शक्यता असते.

अ‍ॅलर्जी किंवा पथ्य असेल तर

इथे मात्र दोन्ही जागा सारख्या नाहीत. गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्याने बुफेवर भिस्त ठेवू नये. पाट्या बरोबर असल्या तरी शेंगदाण्याच्या भांड्यातला चमचा कुणीतरी शेजारच्या भांड्यात टाकतोच. डायनिंग रूममध्ये त्यासाठी रीतसर व्यवस्था असते:

१. बुकिंगनंतर कंपनीला लेखी कळवा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, खास साहित्य जहाजावर आधी चढवावं लागतं.
२. पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला स्वतः भेटून पुन्हा सांगा. कळवलेली माहिती टेबलापर्यंत पोहोचली असेलच असं धरू नका.
३. रोज रात्री तो उद्याचा मेनू आणतो. त्यावर खूण करून द्या, म्हणजे तुमचं जेवण वेगळं बनतं.
४. उद्या येणार नसाल तर तसं सांगा. नाहीतर तुमच्यासाठी केलेलं जेवण वाया जातं.

शाकाहारी लोकांनी 'हे शाकाहारी आहे का' एवढंच विचारून थांबू नये. भाज्यांच्या सुपात स्टॉक, म्हणजे मूळचं उकळून काढलेलं पाणी, कशाचा आहे, ते विचारा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात, वूस्टरशर सॉसमध्येही सहसा असतात. मूस, पन्ना कोट्टा आणि न भाजलेल्या चीजकेकमध्ये प्राणिज जिलेटिन असू शकतं. नेमका प्रश्न विचारला की वेटर आत जाऊन विचारून येतो. मोघम प्रश्नाला मोघम 'हो' मिळतो.

औपचारिक रात्र आणि कपडे

सात रात्रींच्या प्रवासात नटूनथटून जेवायला जायच्या अशा साधारण दोन रात्री असतात, पहिली बहुतेकदा समुद्रातल्या पहिल्या दिवशी. नियम कंपनीनुसार बरेच बदलतात. क्युनार्डच्या गाला (म्हणजे औपचारिक) रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी गाऊन किंवा तशाच थाटाचा पोशाख, अशी अपेक्षा असते. सेलिब्रिटी या कंपनीने २०१५ मध्ये औपचारिक रात्री बंद करून 'ईव्हनिंग शीक' हा सैल प्रकार आणला. नॉर्वेजियनवर सक्ती नाही. एक गडद जॅकेट, एक पँट, दोन शर्ट आणि एक टाय एवढ्यात बहुतेक कंपन्यांच्या दोन्ही रात्री निभावतात. दाराशी अडवलं जातं ते पोहण्याचे कपडे, टोपी, पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियन आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या चपला यांसाठी.

इस्त्री बॅगेत टाकू नका. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर ती जप्त होते, वाफेची छोटी इस्त्रीसुद्धा. अंघोळीच्या वेळी कपडे न्हाणीघरात टांगले तर वाफेने सुरकुत्या बऱ्यापैकी उतरतात.

नटायचा कंटाळा असेल तर त्या रात्री बुफेत जा. तिथे साधे कपडे चालतात आणि गर्दीही कमी असते. डायनिंग रूमच्या मेनूतले काही पदार्थ रात्री बुफेतही मांडलेले असतात. लॉबस्टरसारखे खास पदार्थ मात्र तिथे मिळतीलच असं नाही.

टेबलावर

बाहेरच्या बाजूचे काटे-चमचे आधी, मग आतले. पावाची बशी तुमच्या डावीकडची, ग्लास उजवीकडचे. मधेच उठलात तर नॅपकिन खुर्चीवर ठेवा. जेवण झालं की सुरी आणि काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर वेटर वाट बघत बसतो. एवढं आलं तरी पुरे.

मागवताना संकोच नको. दोन स्टार्टर घेऊन मुख्य पदार्थ वगळता येतो, अर्धी प्लेट मागता येते, एखादा अनोळखी पदार्थ सगळ्यांसाठी मधोमध ठेवता येतो. मेनूत ज्याच्यासमोर किंमत छापलेली आहे तो जादा पैशांचा. काही कंपन्या तिसऱ्या मुख्य पदार्थाचे किंवा दुसऱ्या लॉबस्टरचेही पैसे लावतात. पदार्थ आवडला नाही तर तिथल्या तिथे सांगा, बदलून मिळतो.

जेवणाला दीड ते दोन तास धरा. उशीर होण्याचं नेहमीचं कारण स्वयंपाकघर नसतं, मोठं टेबल असतं. आठपैकी दोघं वीस मिनिटं उशिरा आले की सगळ्यांची ऑर्डर तेवढीच थांबते. नाटक किंवा कार्यक्रम गाठायचा असेल तर बसल्या बसल्या वेटरला उठायची वेळ सांगा आणि गोड पदार्थही आधीच मागवून ठेवा. मुलांचं जेवण मोठ्यांच्या स्टार्टरबरोबर आणायला सांगा. वाइनची बाटली उरली तर वेटर केबिनचा नंबर लिहून ठेवून देतो.

नाश्ता, खवळलेला समुद्र, बिल

समुद्रातल्या दिवशी नाश्त्याला डायनिंग रूमच बरी. अंडी गरम येतात, कॉफी पुन्हा ओतली जाते. ती लवकर बंद होते, साधारण ९ ते ९:३० ला, आणि अनोळखी लोकांबरोबर बसवतात. नको असेल तर दाराशीच तसं सांगा. बंदराच्या सकाळी मात्र बुफेच घ्या, अर्ध्या तासात मोकळे होता.

समुद्र खवळला की वरचे डेक जास्त हलतात. अशा रात्री भरली प्लेट घेऊन बुफेत चालण्यापेक्षा खालच्या डायनिंग रूममध्ये बसून कोरडा पाव आणि थोडं सूप घेणं सोपं जातं.

बक्षिसीची रक्कम बहुतेक कंपन्या दर माणशी दर दिवशी बिलात आपोआप लावतात. आठवडाभर फक्त बुफेत जेवलात तरी ती कमी होत नाही. पेयांवर आणि जादा पैशांच्या रेस्टॉरंटांत सेवाशुल्क वेगळं लागतं.

बुफेतली फळं किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये यासाठी जागेवर दंड होतो. शेवटच्या सकाळी केबिन लवकर रिकामी करावी लागते, तेव्हा बुफेत पुन्हा पहिल्या दिवसाइतकीच सामानासकट गर्दी होते. दार उघडताच जा, किंवा त्या सकाळी डायनिंग रूम किती वाजेपर्यंत उघडी आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.