होमस्टेला लॅटिन नाव देताय? या चुका टाळा

गुहागरपासून तारकर्लीपर्यंत ‘सी व्ह्यू’ आणि ‘बीच हाऊस’च्या इतक्या पाट्या झाल्यात, की कुणी लॅटिन नावाकडे वळलं तर नवल नाही. पण मोबाइलमध्ये एक इंग्रजी शब्द टाकायचा आणि येईल ते उत्तर थेट पेंटरकडे पाठवायचं, इथेच घोळ होतो.

इंग्रजीत ‘बे’ म्हणजे समुद्राचा आत शिरलेला भाग आणि ‘बे’ हे एक झाडही. लॅटिनमध्ये पहिल्याला ‘सिनुस’, दुसऱ्याला ‘लाउरुस’. आपल्याला हवा तो ‘सिनुस’. मात्र रोमन लिपीतल्या पाटीवर लोक ते ‘सायनस’च वाचणार, आणि पाहुण्यांना वाटणार इथे वाफारा देतात! बरोबर शब्दसुद्धा कधी सोडून द्यावा लागतो.

त्यापेक्षा मनातला अर्थ आधी मराठीत नक्की करा. आपण समुद्राचा किनारा आणि नदीचा काठ म्हणतो. लॅटिनही ‘लितुस’ आणि ‘रिपा’ असा फरक करते. हर्णैला ‘लितुस’, चिपळुणात वाशिष्ठीकाठी ‘रिपा’.

सर्वांत जास्त चुका विभक्तीत होतात. ‘समुद्र घर’ आपल्या कानाला खटकतं, तसंच ‘दोमुस मारे’ लॅटिन जाणणाऱ्याला खटकेल. ‘मारे’ म्हणजे समुद्र, त्याची षष्ठी ‘मारिस’; म्हणून समुद्राचं घर ‘दोमुस मारिस’. विशेषण लावताना लिंगही बघा. शेवटी ‘उस’ दिसला की शब्द पुल्लिंगी, असं धरून चालू नका. ‘दोमुस’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून नवं घर ‘दोमुस नोवा’. ‘लितुस’ तर नपुंसकलिंगी, तिथे ‘नोवुम’ लागेल.

शेजारी गोवा असल्याने ‘कासा’ आणि ‘मार’ लॅटिन म्हणून खपतात. ‘मार’ हे पोर्तुगीज. ‘कासा’ लॅटिनमध्येही आहे, पण अर्थ झोपडी. एसी खोल्यांचं भाडं घेणाऱ्याने विचार करावा.

आंब्याच्या बागेला ‘मांगिफेरा’ शोभेल, फळाला नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नोंदवलेलं हे झाडाचं शास्त्रीय नाव आहे, आणि त्याचा अर्थच ‘आंबे धरणारी’.

निवडलेला शब्द उलटा तपासायचा, म्हणजे लॅटिनमधून परत इंग्रजीत. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अर्थासोबत लिंग आणि षष्ठीचं रूपही मिळतं. पेंटरला फोन त्यानंतर करा.